मत नालासोपाऱ्यात ठेवायचं की गावच्या यादीत?

मे महिन्यात माझा चुलतभाऊ गावी आला होता. पडवीत बसून त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन मेसेज होते. एक त्याच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा : बिल्डिंगमधल्या ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांनी चढवून घ्या, आपली मतं दिसली नाहीत तर कोण विचारणार? दुसरा आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा : गावच्या यादीतलं नाव कुणीही काढू नये, गावकी टिकली पाहिजे. भाऊ म्हणाला, "दादा, दोन्हीकडे ठेवलं तर काय होतं?"

पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येक चाकरमान्याच्या मनात हा प्रश्न असतो, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी २८ वर्षं एका मोठ्या शहरात काढली, आता तीन वर्षं रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यात गावी राहतो. दोन्ही याद्यांत माझं नाव राहून गेलेलं आहे, अर्थात एका वेळी एकीतच.

दोन्हीकडे ठेवणं हा पर्यायच नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच हवं. अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. परवापर्यंत हे कुणी मनावर घेत नव्हतं. २०२५ मध्ये दुबार मतदारांवरून मोर्चे निघाले आणि राज्य निवडणूक आयोगानं पालिकांच्या याद्यांत अशा नावांपुढे दोन तारे छापले, तेव्हा आमच्या वाडीतल्या बऱ्याच जणांना घाम फुटला.

दुसरा गैरसमज घराचा. "माझं घर आहे, घरपट्टी भरतो, मग मत माझं" असं आपण छातीठोकपणे म्हणतो. कलम २० नेमकं याच्या उलट सांगतं. केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मात्र तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. चार महिने मुलीकडे राहून आलेली आजी गावचीच. तीस वर्षं नालासोपाऱ्यात राहून गणपतीला आठ दिवस येणारा मात्र, मनानं कितीही गावचा असला, कायद्याच्या नजरेत तिकडचा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ग्रामपंचायत आणि महापालिका यांच्या मतदारयाद्या वेगळ्या बनत नाहीत. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. त्यामुळे सरपंचासाठी गावी आणि आमदारासाठी मुंबईत अशी वाटणी करता येत नाही. नाव हललं की सरपंच किंवा नगरसेवक, आमदार, खासदार सगळेच बदलतात.

आता तुलना. आधी गावाकडचं मत, कारण ओढ तिकडची असते.

गावात एका मताला वजन आहे. आमच्यासारख्या छोट्या ग्रामपंचायतीत सात सदस्य, तीन प्रभाग, आणि २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून सरपंच. एका प्रभागात दीडपावणेदोनशे मतं. दोन घरं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. उमेदवार तुम्हाला नावानं ओळखतो, तुमच्या आजोबांचं आणि त्याच्या आजोबांचं बांधावरून काय झालं होतं तेही त्याला ठाऊक असतं. मागितलेली गोष्टही डोळ्यांना दिसणारी असते : पऱ्ह्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), वरच्या वाडीची पाखाडी (पायऱ्यांची वाट), पाण्याच्या टाकीचा फुटलेला व्हॉल्व्ह. असली कामं सहा महिन्यांत झालेली मी पाहिली आहेत. शहरात एवढ्या वेळात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते.

पण ते मत टाकायची वेळ येतेच असं नाही. कोकणातल्या कितीतरी निवडणुका बिनविरोध होतात, आणि त्या गावात होत नाहीत. परळच्या नाहीतर लालबागच्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी मंडळाची मिटिंग भरते, तिथे ठरतं कोण उभा राहणार आणि कुणी माघार घ्यायची. तेव्हा गावच्या राजकारणात तुमचा शब्द चालायचा असेल तर तो पुष्कळदा मंडळातून चालतो, आणि मंडळाचं सभासद व्हायला मतदारयादी लागत नाही, वर्गणी लागते.

ग्रामसभेला मात्र यादी लागते. एका १ मेची सभा सांगतो. शाळेच्या व्हरांड्यात बाकं लावलेली, बाहेर मोटारसायकली, आत उकाडा. मुंबईहून आलेले आठ-दहा जण स्मशानशेडसाठी आराखडाच छापून घेऊन आले होते, रंगीत. बोलले चांगले, आकडे बरोबर. ठरावाला हात वर झाले तेव्हा ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) यादी उघडली, बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, तुमचं नाव यात नाही. हात खाली घ्या." काका आमच्या वाडीतले सगळ्यात मोठे देणगीदार. सभाभर गप्प बसले. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या यादीतला मतदार, बाकीचे पाहुणे. ज्यांना गावच्या कामात खरोखर हात घालायचा आहे त्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं.

याची दुसरी बाजू मंडळवाले कधी सांगत नाहीत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी संख्या असेल ती. समजा गावात साडेपाचशे मतदार, म्हणजे ८३ माणसं हवीत. त्यातली दोनशे नावं मुंबई-वसईला असतील तर उरलेल्या साडेतीनशेतून ८३ जमवायची. त्यात शेतावर गेलेले, आजारी, कंटाळलेले. सभा तहकूब होते. गावावरच्या प्रेमापोटी यादीत ठेवलेलं नाव गावातल्या माणसाच्या गळ्यात धोंडा होतं ते असं.

नाव ठेवल्यानं गावाला निधी जास्त मिळतो हाही भ्रमच. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा लोकसंख्या आणि क्षेत्रफळावर वाटला गेला, त्यात लोकसंख्येचा वाटा ९० टक्के. ही लोकसंख्या जनगणनेतली. मतदारयादीचा तिथे संबंध नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गाचीही घटली. येत्या जनगणनेत तुम्ही नालासोपाऱ्यात मोजले जाणार, मत कुठेही असो.

याच २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. पुरुष चाकरीला, बायका गावी. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या, विहिरीच्या तळाशी कळशी खरवडणाऱ्या त्याच. आणि सरपंच ठरवायला उमेदवाराच्या खर्चानं बस भरून कोण येतं? त्यांचे दीर, मेहुणे, पुतणे. रात्रीचा प्रवास, सकाळी मतदान, दुपारी वड्याचं जेवण, संध्याकाळी परत. मला हे दृश्य वर्षानुवर्षं खटकत आलं आहे, आणि मी स्वतः त्या बसमध्ये तीनदा बसलो आहे.

आता शहरातलं मत. इथे "मुंबई" हा शब्द आपण फार सैल वापरतो. भायखळ्याचा, डोंबिवलीचा, विरारचा, सगळेच "मुंबईला" असतात. मताच्या दृष्टीनं यात मोठा फरक आहे.

बृहन्मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेनुसार हिशेब केला तर एका प्रभागात साधारण ५५ हजार माणसं. गटार तुंबलं तर कुणाच्या नावानं शंख करायचा हे निदान स्पष्ट असतं. ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरारला (नालासोपारा याच पालिकेत) बहुसदस्य पद्धत, बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. एकाच वेळी चार मतं द्यायची. चौघांचा बाप उपाशी म्हणतात तसं. काम झालं तर चौघांचे फलक, अडलं तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. मी मुंबईच्या हद्दीत राहत असतो तर शहरातल्या मताला अर्धा मार्क जास्त दिला असता.

शहरातल्या एका मतानं काय होतंय, असं मात्र म्हणू नका. २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शाह निवडून आले. त्या प्रभागातला कुणी चाकरमानी त्या दिवशी नाव गावाला म्हणून घरी बसला असेल का, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

शहराच्या मताची खरी दुखरी जागा वेगळी आहे. ते मत द्यायलाच मिळालं नाही. मुंबई पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवलीत तर २०१५ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, तेही सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये बजावल्यावर. मधली वर्षं प्रशासक. म्हणजे सभागृह तोच, स्थायी समिती तोच, खर्च मंजूर करणारा तोच आणि करणाराही तोच. मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसानं सभागृहात प्रश्न विचारला नाही. गावाकडे जिल्हा परिषदेचीही हीच गत होती, पण ग्रामपंचायतींच्या निवडणुका तरी टप्प्याटप्प्यानं होत राहिल्या. या एका मुद्द्यावर गाव शहराच्या पुढे आहे हे मान्य करायला हवं.

निवडणूक झाली तरी नगरसेवकाचा हात पोचतो कुठवर? कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त राज्य सरकारनं नेमलेला. शिवाय शहरातलं प्रत्येक काम पालिकेचं नसतं. नालासोपाऱ्याचंच पाणी घ्या. सूर्या धरणावरची प्रादेशिक योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. योजना एमएमआरडीएनं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) बांधली, घरोघर वाटप पालिकेचं. लोकल रेल्वेची, पोलीस राज्याचे. तरीही कचरा, गटार, शहरातले रस्ते, पालिकेचा दवाखाना, पालिकेची शाळा, बांधकाम परवानगी आणि इमारत अधिकृत की अनधिकृत हा जीवघेणा प्रश्न, एवढं सगळं पालिकेकडेच असतं. भावाची मुलगी रोज रात्री नऊ वाजता स्टेशनवरून चालत घरी येते. त्या रस्त्यावरचा दिवा लागला नाही तर आमचा सरपंच काय करणार?

मी ज्या शहरात राहिलो (नाव कशाला घ्या) तिथे आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. एकदा आम्ही पंधरा-वीस जण नगरसेवकाकडे गेलो. त्याच्या माणसानं टेबलावरची यादी काढली आणि आमच्या बिल्डिंगचं पान उघडलं. ४२ खोल्या आणि मतं २३. काही बोलला नाही. चहा पाजला. पलीकडच्या गल्लीत मतं भरपूर होती, नाला तिथला रुंद झाला.

मुंबई-गोवा महामार्गाचं काय, असं मंडळाच्या मेसेजमध्ये हटकून असतं. काम २०११ पासून चालू आहे. तो राष्ट्रीय महामार्ग, त्याचा सरपंचाशीही संबंध नाही आणि नगरसेवकाशीही नाही. खड्डे मोजत जा-ये करणारे तुम्ही दोन्हीकडचे मतदार असता तरी फरक पडला नसता. आणि गावचं मत हा गावाच्या वेशीचा पास आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२० चे गणपती आठवावेत. सरकारनं दहा दिवसांचं विलगीकरण सांगितलं होतं, काही गावांनी चौदा लावलं. वेशीवर अडवताना कुणी मतदार ओळखपत्र विचारलं नाही.

मग ठेवायचं कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नोकरी, मुलांची शाळा, दवाखाना शहरात असेल आणि वर्षात गावी महिनाभरही राहत नसाल, तर नाव शहरात न्या. कायदाही तेच सांगतो. विशेषतः बिल्डिंगच्या कागदपत्रांत घोळ असेल तर एक दिवसही थांबू नका. पुढच्या वर्षी-दोन वर्षांत निवृत्त होऊन खरोखर गावी येणार असाल आणि नाव अजून गावच्या यादीत असेल, तर आता हलवाहलवी करून पुन्हा परत आणण्यात अर्थ नाही असं वाटेल. पण "खरोखर" या शब्दावर जरा थांबा. दहा वर्षं "पुढच्या वर्षी येतोय" म्हणणारे आमच्या वाडीत चौघे आहेत. आणि ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर यादीत नाव हवंच. मग इथे येऊन राहा, आम्हाला माणसं हवी आहेत.

काम किचकट नाही. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा, मोबाइलवरूनही होतो. नवा नमुना ६ भरू नका. दुबार नावं पुष्कळदा तिथूनच जन्माला येतात, कारण लोक नवीन ठिकाणी नाव घालतात आणि जुनं काढत नाहीत. निवडणूक जाहीर झाल्यावर धावू नका. जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अर्ज केलेले सेल्फी काढायला आले आणि शाई न लावता परत गेले.

भावानं पडवीतच नमुना ८ भरला, पत्ता नालासोपाऱ्याचा. रेंज नव्हती म्हणून अर्ज पाठवायला टाकीच्या चढावर जावं लागलं. वहिनीचाही भरतो म्हणाला, तर ती आतून म्हणाली, "माझा कशाला? आत्याबाईंना बघायला दहा महिने मी हितं असतंय, पाणी मी भरतंय. माझं नाव हायसं तिथंच ऱ्हांदे." आता एका घरातली दोन मतं दोन जिल्ह्यांत आहेत. मंडळाला अजून कळलेलं नाही.