डिकोडर प्रोग्रॅमिंगसाठी संगणक-जोडणी: कोणते उपकरण अडचणीच्या वेळी उपयोगी पडते?

मॉडेल रेल्वेच्या इंजिनातील डीसीसी डिकोडर (रुळातून आलेल्या डिजिटल आज्ञा ओळखून इंजिन चालवणारा छोटा सर्किट-बोर्ड) संगणकावरून प्रोग्रॅम करायचा असेल, तर वाटेत दोन सांधे लागतात. पहिला संगणक आणि इंटरफेस (संगणक व रूळ यांना जोडणारे उपकरण) यांच्यामधला: यूएसबी केबल, ड्रायव्हर, पोर्टचा क्रमांक आणि बॉड रेट (डेटाचा वेग). दुसरा इंटरफेस आणि डिकोडर यांच्यामधला: प्रोग्रॅमिंगचा रूळ, चाके, पिकअप (चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) आणि मोटर. काम अडते तेव्हा दोष यांपैकी एकाच ठिकाणी असतो, पण नवखा माणूस दोन्हीकडे एकदम हात घालतो. ड्रायव्हर पुन्हा टाकतो, चाकेही पुसतो, आणि शेवटी गाडी चालू लागली तरी नेमके काय सुधारले ते त्याला कळत नाही. उपकरणांची तुलना सहसा किंमत आणि अँपिअर यांवरून केली जाते. मला मात्र असे वाटते की, बिघाड कोणत्या सांध्यात आहे हे उपकरण किती लवकर उघड करते, हा निकष पहिल्या खरेदीच्या वेळी अधिक महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या सांध्याचे तत्त्व आधी समजून घेतले पाहिजे, कारण ते सर्व उपकरणांना सारखेच लागू आहे. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर डिकोडरला फक्त ‘होय’ एवढेच उत्तर देता येते. एनएमआरए या अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकानुसार तो सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जादा प्रवाह ओढतो आणि इंटरफेस ती उसळी ओळखतो. हा प्रवाह बहुतेक वेळा मोटरमधूनच ओढला जात असल्यामुळे, सीव्ही (डिकोडरमधील क्रमांकित सेटिंग) वाचताना इंजिन जागच्या जागी बारीक हिसके देते. हिसके दिसत असूनही संगणकावर आकडा येत नसेल, तर आज्ञा डिकोडरपर्यंत पोहोचत आहे आणि तो उत्तरही देत आहे. ते उत्तर नीट ऐकले जात नाही, एवढाच अर्थ घ्यावा. हिसका अजिबात नसेल, तर चाके, पिकअप आणि मोटरच्या तारा तपासाव्यात. मोटर न जोडलेला डिकोडर बहुधा मुकाच राहतो. ध्वनी डिकोडर आणि स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) यांचे दुखणे निराळे असते. वीज मिळताच कपॅसिटर भरण्यासाठी जो प्रवाह जातो, तो दुबळ्या प्रोग्रॅमिंग आउटपुटला झेपत नाही किंवा त्या गोंधळात उत्तराची उसळी हरवते.

जेएमआरआय या मोफत प्रणालीतील डिकोडर-प्रो वापरणाऱ्यांना येथे एक आयती सोय आहे. त्रुटी ३०६ आली, तर कमांड स्टेशनशी (रुळावर आज्ञा पाठवणाऱ्या उपकरणाशी) बोलताना वेळ संपली असे समजावे, म्हणजे दोष पहिल्या सांध्यात आहे. ३०८ आली, तर इंजिनाकडून पोच मिळाली नाही, म्हणजे केबल आणि ड्रायव्हर यांना हात लावण्याचे कारण नाही. पहिली चाचणी म्हणून नेहमी सीव्ही ८ वाचावा. त्यात उत्पादकाचा क्रमांक असतो: ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, साउंडट्रॅक्सचा १४१, डिजिट्रॅक्सचा १२९. ओळखीचा आकडा आला, की दोन्ही सांधे एकाच फटक्यात तपासून होतात. (सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यास अनेक डिकोडर मूळ स्थितीत जातात, म्हणून तेथे फक्त वाचावे.)

आता उपकरणांकडे वळू. ज्याला डिकोडर प्रोग्रॅम करणे एवढेच काम आहे, त्याच्यासाठी स्प्रॉग हा छोटा यूएसबी प्रोग्रॅमर सर्वांत सरळ मार्ग आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला रूळ, मध्ये दुसरे काही नाही. त्यामुळे संशयितांची यादीच लहान राहते. अडचणी दोनच ठिकाणी संभवतात. जेएमआरआयच्या जोडणी-पानावर स्प्रॉगच्या एकापेक्षा जास्त नोंदी आहेत, एक प्रोग्रॅमरसाठी आणि एक कमांड स्टेशनसाठी. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर सीव्ही वाचायचे असताना दुसरी निवडली, तर उपकरण ठणठणीत असूनही काम होत नाही. शिवाय काही ध्वनी डिकोडर १२ व्होल्टवर गप्प राहतात आणि व्होल्टेज थोडे वाढवल्यावर बोलू लागतात, म्हणून पॉवर सप्लाय निवडताना एवढे ध्यानात ठेवावे.

डीसीसी-ईएक्स, म्हणजे अर्डुइनो बोर्डवर स्वतः बांधायचे कमांड स्टेशन, स्वस्त आहे, आणि अर्डुइनो मेगा तसेच मोटर शील्ड भारतात सहज मिळत असल्यामुळे परदेशी मागणी आणि सीमाशुल्क दोन्ही टळतात. मात्र येथे पहिला सांधा आपणच बांधायचा असतो. स्वस्त मेगा बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि विंडोजला तिचा ड्रायव्हर द्यावा लागू शकतो. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक साधी असते: अर्डुइनोची सिरियल मॉनिटर खिडकी मागे उघडी राहिलेली असते, आणि एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळत असल्यामुळे जेएमआरआयला तो मिळत नाही. तीच खिडकी निदानासाठी मात्र अमूल्य ठरते. जेएमआरआय बंद करून, वेग ११५२०० ठेवून, कोनी कंसांत लहान ‘एस’ लिहून पाठवला आणि आवृत्तीची माहिती परत आली, तर पहिला सांधा शाबूत आहे. नंतर ‘डी एसीके ऑन’ ही आज्ञा दिली, की पोच ऐकताना बोर्डला किती प्रवाह दिसला तेही समोर येते. इतर कोणत्याही उपकरणात दुसरा सांधा इतका उघडा दिसत नाही. हौशी माणसाला याचे मोल कळेल. तारांची भीती असलेल्याने मात्र या वाटेला जाऊ नये. मोटर शील्डला १२ व्होल्टपेक्षा जास्त देणार असाल, तर तिच्या मागच्या बाजूची ‘व्हीइन कनेक्ट’ ही वाट आधी कापावी, नाहीतर ती वीज मेगाच्या रेग्युलेटरवर जाते.

एनसीई कंपनीचा पॉवर कॅब हा हातात धरायचा नियंत्रक ज्याच्याकडे आधीपासून आहे, त्याने वेगळा प्रोग्रॅमर घेण्याआधी त्याच कंपनीचा यूएसबी इंटरफेस पाहावा. बॉड रेट ९६०० की १९२०० हे बोर्डवरील जम्परवरून ठरते आणि जेएमआरआयमध्ये तोच आकडा द्यावा लागतो. जुळला नाही तर ३०६. ड्रायव्हर सिलिकॉन लॅब्सच्या चिपचा लागतो. उणीव निराळी आहे: पॉवर कॅबला प्रोग्रॅमिंगचे स्वतंत्र आउटपुट नाही, त्यामुळे प्रोग्रॅमिंगच्या वेळी मुख्य रूळच प्रोग्रॅमिंगचा रूळ होतो आणि त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक इंजिनाला तोच पत्ता लिहिला जाऊ शकतो. रूळ वेगळा काढणारा ऑटो-स्विच बसवावा, नाहीतर बाकीची इंजिने उचलून ठेवावीत.

डिजिट्रॅक्सवाल्यांसाठी त्याच कंपनीचा पीआर४ हा यूएसबी इंटरफेस आहे. तो विंडोज १० वर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो आणि जुन्या पीआर३ पेक्षा कमी त्रास देतो. एवढे पुरे.

रोकोच्या झेड२१ या कमांड स्टेशनमध्ये पहिल्या सांध्याचे स्वरूपच बदलते. येथे कॉम पोर्ट नाही. संगणक नेटवर्कवरून १९२.१६८.०.१११ या पत्त्याशी यूडीपी पोर्ट २११०५ वर बोलतो. यूएसबी ड्रायव्हरच्या कटकटीला कंटाळलेल्याला हे सुख वाटते, पण घरातला राउटर १९२.१६८.१ मालिकेतील पत्ते वाटत असेल, तर दोघांची गाठच पडत नाही, आणि विंडोजची फायरवॉल परत येणारे निरोप चुपचाप अडवू शकते. कारण उघडपणे सांगणारे कोणी नसते, म्हणून नेटवर्कची जुजबी माहिती असलेल्यानेच हा पर्याय निवडावा. पांढऱ्या झेड२१-स्टार्टचा नेटवर्कवरील ताबा कोड घेतल्याशिवाय उघडत नाही, हेही घेण्यापूर्वी जाणून घ्यावे.

ईएसयूच्या लोकप्रोग्रॅमरची गणना मी या रांगेत करत नाही, कारण त्याचे काम वेगळे आहे. लोकसाउंड डिकोडरमध्ये नवा ध्वनी भरायचा असेल, तर त्याला पर्याय नाही. तो जेएमआरआयशी जोडला जात नाही, आणि त्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. ५३४५१ या संचात सिरियल तार आणि सोबत यूएसबी अडॅप्टर येतो. तो हरवल्यावर बाजारातला कोणताही स्वस्त अडॅप्टर लावला, की नकली चिपमुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ दिसण्याचे प्रकार घडतात. ध्वनी भरायला कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्यात लॅपटॉप झोपी गेला तर काम अर्धवट तुटते, म्हणून सुरू करण्यापूर्वी स्लीप बंद करावा.

कोणतेही उपकरण घेतले, तरी काही गोष्टी सर्वांना लागू आहेत. फोनच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात; उपकरणावरचा दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही. विंडोजमध्ये केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली, की कॉम क्रमांक बदलू शकतो. लिनक्सवर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल, तर पोर्ट दिसूनही उघडत नाही. जेएमआरआयच्या पाचव्या मालिकेला किमान जावा ११ लागते. परदेशातून मागवताना पॉवर सप्लाय संचात आहे का आणि तो २३० व्होल्टवर चालतो का, हे विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच लेखी विचारावे.