प्रबोधिनीचं हॉस्टेल की घरचं मैदान? बारा वर्षांच्या खेळाडूच्या आईवडिलांसाठी

निवड चाचणीचं परिपत्रक आलं, की आठवडाभरात कुणी ना कुणी पालक मैदानावर येऊन थांबतात. सराव चालू असेपर्यंत कडेला उभे राहतात आणि मुलं पांगली की विचारतात, ‘बाई, पोराला प्रबोधिनीत घालू का?’ एकोणीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवते आहे. सुरुवातीची काही वर्षं मी लगेच ‘घाला’ म्हणायचे. आता आधी मुलाबद्दल चार गोष्टी विचारते. का विचारते, ते उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पालकांसमोर वाटा तीन असतात. पहिली घरची: शाळा, संध्याकाळचं मैदान किंवा गावातली तालीम, आणि शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. दुसरी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची. 1996 पासून चालत आलेल्या या योजनेत राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करतं. लहान मुलांची निवड नऊ चाचण्यांवर होते. उंची-वजन मोजतात, मेडिसिन बॉल, म्हणजे जड चेंडू, फेकायला लावतात, उभी उडी, 30 मीटर धाव, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन आणि 800 मीटर असं बरंच काही. तिसरी वाट खासगी निवासी अकादमीची. तिथे निवड बहुतेक वेळा फी भरण्याच्या तयारीवर होते, आणि ती फी एखाद्या घरातल्या पूर्ण पगाराएवढी असू शकते.

या तिन्ही वाटांनी मोठे खेळाडू घडले आहेत, त्यामुळे नुसत्या उदाहरणांवरून निर्णय होत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी 2009 मध्ये प्रबोधिनीत घातलं. पहिलं वर्ष नुसत्या शारीरिक तयारीत गेलं, मग त्याने नेमबाजी निवडली. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळालं तेव्हा तो 28 वर्षांचा होता. म्हणजे घर सोडल्यापासून पदकापर्यंत पंधरा वर्षं, आणि मधल्या काळात रेल्वेतली नोकरी. उलट आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. लहानपणी शाळेची सहा किलोमीटरची वाट तो धावत जायचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं. आणि 5 ऑगस्ट 2023 ला बर्लिनमध्ये एकाच दिवशी दोघं धनुर्विद्येत जागतिक विजेते झाले, साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. दोघंही साताऱ्याच्या एकाच प्रशिक्षकांकडे शिकलेले. अदितीचं कुटुंब तिच्यासाठी गावातून साताऱ्यात येऊन राहिलं, ओजस घरापासून दूर आला. मैदान एकच, पण संध्याकाळी तिथून परत कुठे जायचं ते दोघांचं वेगळं.

मी निर्णय तिथूनच सुरू करते. सरावाहून परतल्यावर मूल कुणाला सांगू शकतं की ‘दुखतंय’, किंवा ‘आज नको’?

टाच न टेकवणारा मुलगा

माझा सातवीतला एक मुलगा खासगी निवासी अकादमीत गेला. गणपतीच्या सुट्टीत आला तेव्हा मैदानावर मला भेटायला आला, आणि पायऱ्या उतरताना टाच टेकवत नव्हता. चवड्यांवर उतरत होता. विचारलं तर म्हणाला, ‘स्प्रे मारला की थांबतं, बाई.’ कधीपासून? दोन महिने. सरांना सांगितलंस? ‘सांगितलं तर सामन्याला घेत नाहीत.’

वाढीच्या वयात टाचेच्या हाडाच्या टोकाशी अजून मऊ कूर्चेचा थर असतो आणि पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी त्याला ओढत राहते. उंची झपाट्याने वाढत असताना रोज दोन वेळा धावलं, उड्या मारल्या, की ती जागा सुजते. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं, त्याचंही मूळ असंच. दोन्ही दुखणी विश्रांतीने बरी होतात. त्या मुलाला डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद करायला सांगितलं, तेवढ्यात तो बरा झाला. पण ते दोन महिने त्याने एकट्याने काढले. घरी असता तर सकाळी मोरीकडे लंगडत जाताना आईने पहिल्याच आठवड्यात पाहिलं असतं. हे मला आजही लागतं.

खेळवैद्यकात एक सोपा ठोकताळा आहे: मुलाचं वय जितकं, तितकेच तास आठवड्याला संघटित सराव. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. निवासी ठिकाणी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास धरले, तरी सहा दिवसांचे चोवीस होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या म्हणते, आणि बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं 15-16 वर्षांपर्यंत लांबवा म्हणते. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत लवकर सुरुवात लागते, हे खरं. पण कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स, नेमबाजी यांत बाराव्या वर्षी घाई करून काही फार पुढे जाता येत नाही.

घरचं मैदानही धुतल्या तांदळासारखं नाही, तेही सांगते. क्रिकेटचा क्लास, शाळेची टीम आणि रविवारची टेनिस बॉलची स्पर्धा असं तिन्हीकडे खेळणारा मुलगा एकूण किती चेंडू टाकतो, याचा हिशोब कुणाकडेच नसतो. लहान वयात पाठीच्या मणक्याला चीर गेलेले वेगवान गोलंदाज बघितले की पुष्कळदा हेच निघतं. प्रत्येक सर आपल्यापुरतं मोजतात.

वजनी गटाच्या खेळांत तर मी दोन्हीकडच्या पालकांना हात जोडून सांगते. पॅरिसला अमन सेहरावतने दहा तासांत साडेचार किलोंवर वजन उतरवलं, ते मोठ्या मल्लाने, अनुभवी माणसं सोबत असताना. ते बघून तेरा वर्षांच्या पोराचं जेवण, पाणी तोडायचं नाही. वाढत्या मुलाने वरच्या गटात हरलेलं चालेल. मुलीची चालू झालेली पाळी सरावात दोन-तीन महिने थांबली, तर ‘खेळात होतं असं’ म्हणून सोडू नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि मुलीला हे सांगायला तिथे कुणी बाई हवी. हॉस्टेलवर महिला अधीक्षक किंवा महिला प्रशिक्षक नसतील, तर बाकी सोयी कितीही चांगल्या असल्या तरी मी नाही म्हणते.

ताटात काय आहे

इतकं वाचून वाटेल, बाई हॉस्टेलच्या विरोधात आहेत. तसं नाही. माझ्याकडे 800 मीटरला जिल्ह्यात पहिली आलेली एक मुलगी होती. सकाळी सरावाला यायची ती चहा आणि बटर खाऊन. आईवडील ऊसतोडीला गेले, की लहान भावाचं सगळं तिच्याकडे. रात्रीचा अभ्यास, भाकरी, भांडी, आणि पहाटे पुन्हा मैदान. घरी राहून खेळणं म्हणजे तिच्यासाठी कामाची दुसरी पाळी होती. प्रबोधिनीत निवड झाली. रोज अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं, दुपारची झोप. दिवाळीला आली तेव्हा जुन्या ट्रॅकसूटच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर चढल्या होत्या. तिच्या घरच्यांनी विचारलं असतं तर मी दहा वेळा ‘पाठवा’ म्हटलं असतं.

ज्या गावात पळायला रस्त्याशिवाय जागा नाही, मुलाचा खेळ शिकवणारं कुणी नाही, किंवा घरात पोटभर सकस खायची मारामार आहे, तिथे शासकीय प्रबोधिनी ही खरी संधी आहे. शिवाय बरोबरीची मुलं मिळतात. गावात नेहमी पहिला येणारा मुलगा तिथे आठवा येतो, आणि जे टिकतात ते हरायला शिकतात. पण तिथेही दरवर्षी कामगिरी बघितली जाते, तेव्हा मूल परत येण्याची शक्यता आधीपासून घरात बोलून ठेवा. परत आलेल्या मुलाला चौकात ‘काय, आलास व्हय?’ असं विचारणारे पुष्कळ असतात. घरातून तो प्रश्न यायला नको.

पैसा आणि सवलती

दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त 25 मिळतात, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ही दोन्ही स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मिळतात, हॉस्टेलच्या नावावर नाही, म्हणून घरून खेळणाऱ्यालाही तितकीच खुली आहेत. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिना 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात, पण तो फार वरचा टप्पा. ‘नोकरीची हमी’ लिहिलेली अकादमीची पत्रकं मी पालकांना बाजूला ठेवायला सांगते. अशी हमी कुणी देऊ शकत नाही. कर्ज काढून, रान गहाण टाकून फी भरली, की त्याचं ओझं मुलावर पडतं. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य घरात एकदा जरी उच्चारलं गेलं, तरी पोर दुखणं लपवायला शिकतं.

कडेला उभी माणसं

दबावाचं सगळं खापर हॉस्टेलवर फोडता येत नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील रिक्षा चालवणारे. रातोरात कॅमेरे आले, मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी त्याचा खेळ उतरला, तेव्हा वडिलांनी पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. त्या बापाबद्दल मला मनापासून आदर आहे. मुलाच्या खांद्यावरचं ओझं त्यांनी स्वतःहून उतरवलं.

आमच्या तालुका स्पर्धेत दोरीबाहेर उभे राहून ‘अरे पकड की त्याला!’ म्हणून घसा फोडणारे वडील दरवर्षी असतात. त्यांची मुलं चढाईला निघण्याआधी एकदा कडेला बघतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता त्या नजरेवरून घर ओळखता येतं. अशा घरातल्या काही मुलांना हॉस्टेल मानवतं, कारण तिथे रात्रीच्या जेवणात सामना पुन्हा खेळावा लागत नाही.

मग माझं मत

गावात बरं मैदान असेल, शिकवणारं कुणी जीव लावणारं असेल आणि घरात खाण्याची आबाळ नसेल, तर चौदा वर्षांपर्यंत घरी ठेवा. दोन-तीन खेळ खेळू द्या. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताचे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. खो-खोपटू आपल्याकडे अजून संध्याकाळच्या संघांमधूनच घडतात. चौदानंतर मूल स्वतःहून मागे लागलं, तर प्रबोधिनीचा अर्ज भरा. खेळात आधीच नाव काढलेल्यांसाठी तिथे कौशल्य चाचणीने पुढच्या वयातही प्रवेश असतो, म्हणजे बाराव्या वर्षी गाडी चुकत नाही. घरी सोय नसेल तर बाराव्या वर्षीही शासकीय प्रबोधिनीत जरूर पाठवा. फी घेणाऱ्या निवासी अकादमीचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तिथे दोन दिवस थांबून बघितल्याशिवाय नाही.

बघायला गेलात तर ट्रॉफ्यांच्या कपाटासमोर वेळ घालवू नका. मेसमध्ये जेवा. संडास बघा. आजारी मुलाला कोण, कुठे नेतं ते विचारा. घरी फोन कधी करू देतात आणि बोलताना जवळ कोण उभं असतं, तेही. मग सर बाजूला गेले, की मुलांना विचारा: पाय दुखला तर काय करता? आणि रविवारी काय करता?

यंदा आलेल्या एका वडिलांना मी एवढंच सांगून पाठवलं होतं. मुलगा तेरा वर्षांचा, लांब पल्ल्याचा, गावात मैदान नाही. रविवारी दुपारी त्यांचा प्रबोधिनीच्या गेटवरून फोन आला. ‘बाई, पोरं म्हणत्यात, दुखलं तर नाव लिहून घेत्यात आणि कडेला बसवत्यात. आणि रविवारी कुणी उठवत न्हाई.’

अर्ज भरलाय. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि मेडिसिन बॉल अजून त्याच्या हातातून डावीकडे जातोय.