मॅकी अरीना, पर्ड्यू: यंदा तिकीट काढावं का?

इंडियानापोलिसच्या आमच्या मराठी ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी चालू असतानाच यंदा, म्हणजे 2025-26 च्या सीझनआधी, एक प्रश्न सारखा येतोय. वेस्ट लफायेटच्या पर्ड्यू विद्यापीठाची बास्केटबॉल टीम देशात पहिल्या नंबरवर आहे म्हणतात, तर पोरांना घेऊन एखादी मॅच बघायला जावं का? पैसे वसूल होतात का? प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

जा. आणि मार्चची, म्हणजे सीझनअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेची, वाट बघत बसू नका, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जा. का, ते सांगते.

आधी जागेबद्दल. मॅकी अरीना 1967 च्या डिसेंबरात उघडलं. पहिलीच मॅच कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाशी होती आणि त्यांचा कोच होता जॉन वुडन, म्हणजे पर्ड्यूचाच जुना खेळाडू. ती मॅच पर्ड्यू दोन पॉइंटनी हरलं. इमारत गोल आहे, वर घुमट, आणि आत साधारण 14,900 माणसं बसतात. अमेरिकेत याहून मोठी आणि चकचकीत स्टेडियम भरपूर आहेत, पण तिथे वरच्या मजल्यावर बसलं की खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात आणि आपण सगळा वेळ मोठ्या पडद्याकडे बघत राहतो. मॅकीत तसं होत नाही. सगळ्यात वरच्या रांगेतूनसुद्धा पास कुठून कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं, आणि घुमटामुळे आवाज बाहेर जातच नाही. विद्यार्थ्यांचा 'पेंट क्रू' एकदा सुरू झाला की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. लहान मूल बरोबर असेल तर कानांवर लावायचे हेडफोन न्याच, हे मी मनापासून सांगते.

बसायला बहुतेक ठिकाणी बाक आहेत, खुर्च्या नाहीत. थंडीचे जाडे कोट घातलेली माणसं त्या बाकांवर दाटीवाटीने बसतात. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर पाठीला टेकू असलेल्या जागा शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. माझी आई नागपूरहून आली होती तेव्हा मी तेच केलं. तिला बास्केटबॉलचे नियम ठाऊक नव्हते, पण हाफटाइमच्या आधीच ती म्हणाली, "तो बुटका पोरगा बघ, स्वतःजवळ काही ठेवतच नाही, सगळ्यांना वाटत सुटलाय." तो ब्रेडन स्मिथ. यंदाचं तिकीट काढायचं मुख्य कारण तोच आहे.

स्मिथ इंडियानापोलिसच्या उत्तरेकडच्या वेस्टफील्डचा. सहा फूट उंच, म्हणजे या खेळात खरंच बुटका. गेल्या सीझनमध्ये तो बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू ज्या लीगमध्ये खेळतं तिचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्या एका सीझनमध्ये त्याने 313 असिस्ट दिले. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सोबत्याने लगेच बास्केट केली तो पास. तीन वर्षांचे मिळून त्याचे 758 होतात. कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम ड्यूकच्या बॉबी हर्लीच्या नावावर आहे, 1,076. तो 1993 पासून कोणी मोडलेला नाही. स्मिथ गेल्या वर्षीसारखा खेळला आणि टीम मार्चमध्ये लांब गेली, तर हा विक्रम मोडू शकतो. तो मोडताना बघायचा असेल तर टीव्ही आहेच. पण त्याचा पास टीव्हीवर अर्धाच कळतो, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात बसलं की दिसतं की चेंडू हातातून सुटण्याच्या आधी त्याने डिफेंडरला नुसत्या मानेच्या हालचालीने भलतीकडे पाठवलेलं असतं. मी स्वतः शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टावर पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी, खेळायचे, म्हणून मला हे जास्त दिसत असेल. पण एकदा त्याच्याकडे चेंडू नसतानाही बघत राहा, तुम्हालाही दिसेल.

दुसरं कारण असं, की ही टीम टिकून राहिली. आता कॉलेजच्या खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात, 2025 च्या जुलैपासून तर कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतो. बऱ्याच टीमचे चाहते ऑक्टोबरात नवी नावं पाठ करत असतात. पर्ड्यूत मात्र स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही इंडियानाचेच पोरगे चौथ्या वर्षालाही इथेच आहेत. कॉफमन-रेन तर त्याआधीचं एक वर्ष न खेळता नुसता सराव करत थांबला होता. टीमचा मोठा स्टार झॅक ईडी असताना कॉफमन-रेनच्या वाट्याला फारसं काही यायचं नाही, आणि ईडी गेल्यावर गेल्या सीझनमध्ये त्याने सरासरी 20.1 पॉइंट केले. लॉयर पहिल्या वर्षी मार्चमध्ये दमून जायचा. आता त्याचा तीन पॉइंटचा शॉट सुटला की अख्खं स्टेडियम आधीच उभं राहतं. एखाद्या पोराला चार वर्षं असं घडताना बघणं आता या खेळात दुर्मीळ झालंय, आणि हे तिघं यंदा शेवटचं खेळणार आहेत. म्हणून मला वाटतं की हे पैसे योग्य जागी जातात.

आता अपेक्षांबद्दल, कारण ग्रुपवरचा खरा प्रश्न तोच आहे. 13 ऑक्टोबरला एपी या वृत्तसंस्थेचा सीझनपूर्व क्रमांक जाहीर झाला आणि पर्ड्यू पहिलं आलं. शाळेच्या इतिहासात सीझन सुरू व्हायच्या आधी पहिला नंबर पहिल्यांदाच. त्यात फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीमच्या मॅच, यंदा एप्रिलमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, आपल्याच शहरात. वेस्ट लफायेटहून हायवे 65 ने तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे पर्ड्यूवाल्या प्रत्येकाने मनातल्या मनात ते तिकीट काढूनच ठेवलंय.

हे ऐकून जुन्या चाहत्यांच्या पोटात का गोळा येतो, ते नव्यांना सांगायला हवं. मी इथे एमएसला आले तेव्हा मॅट पेंटर नुकताच कोच झाला होता. पहिल्या सीझनमध्ये टीम 9 जिंकली आणि 19 हरली. मग रॉबी हमेल, इट्वान मूर, जेजुआन जॉन्सन ही पोरं आली आणि काही वर्षांत वाटायला लागलं की आता जमणार. 2010 च्या फेब्रुवारीत मिनेसोटाला हमेलचा गुडघा गेला. पुढच्या सीझनसाठी अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या, आणि ऑक्टोबरात पहिल्याच सरावात तोच गुडघा पुन्हा गेला. 2019 मध्ये फायनल फोरच्या दारात व्हर्जिनियाने शेवटच्या क्षणाला बरोबरी साधून आम्हाला ओव्हरटाइममध्ये हरवलं. त्या मॅचमध्ये कार्सन एडवर्ड्सने 42 पॉइंट केले होते. 2023 मध्ये पहिल्या मानांकनाचं पर्ड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअर्ली डिकिन्सनकडून पहिल्याच फेरीत हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालं होतं. 68 टीम, एक हरलात की घरी, अशी ही स्पर्धा आहे. पाच महिने केलेली मेहनत चाळीस मिनिटांत जाते.

पण मला पेंटरबद्दल आदर वाटतो तो त्यानंतरच्या वर्षामुळे. त्याने कोणाला हाकललं नाही, पद्धत सोडली नाही. तेच खेळाडू घेऊन 2024 मध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत गेला. पर्ड्यूचं 1980 नंतरचं ते पहिलं फायनल फोर. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने 40 पॉइंट केले, त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाही. फायनलमध्ये कनेटिकटने 75-60 हरवलं, आणि ते आमच्यापेक्षा चांगले होते, एवढंच.

गेल्या मार्चमध्ये स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत ह्यूस्टनशी मॅच होती, तीही लुकास ऑइललाच. 60-60 असताना एक सेकंदही शिल्लक नव्हता आणि मिलोस उझानने बास्केटखाली चेंडू आत टाकला. 62-60. जिथे एप्रिलमध्ये फायनल आहे, तिथेच गेला सीझन संपला होता.

म्हणून मी चाहत्यांना विचारते, पहिल्या नंबरच्या टीममध्ये कमी काय आहे ते बघितलं का? गेल्या वर्षी उणीव स्पष्ट होती. डॅनियल जेकबसन हा सात फूट चार इंचाचा सेंटर दुसऱ्याच मॅचमध्ये पाय मोडून बसला आणि बास्केटजवळ समोरच्याला अडवायला उंच माणूसच उरला नाही. विरोधी गार्ड सरळ आत शिरायचे. चुकलेला शॉट समोरचाच उचलायचा. यंदा जेकबसन परतलाय, आणि साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आलाय. हा ऑस्ट्रेलियाचा, साउथ डकोटा स्टेटला गेल्या सीझनमध्ये सरासरी 12.3 रिबाउंड घेत होता, म्हणजे चुकलेले शॉट उचलत होता. साउथ डकोटा स्टेटची लीग बिग टेनच्या ताकदीची नाही, हे खरं. पण रिबाउंड घेणं ही उंचीइतकीच सवयीची गोष्ट असते आणि ती सवय त्याच्याकडे आहे. इस्रायलहून आलेला ओमेर मायर हा गार्ड स्मिथला दोन-चार मिनिटं विश्रांती देऊ शकला तरी मोठं काम होईल. गेल्या वर्षी मार्चपर्यंत स्मिथचे पाय जड झालेले उघड दिसत होते.

माझी शंका उंचीबद्दल नाही, बाहेरच्या, म्हणजे बास्केटपासून दूरच्या, डिफेन्सबद्दल आहे. स्मिथ आणि लॉयर दोघेही एकत्र मैदानात असले की चपळ, अंगाने दणकट गार्ड असलेली टीम त्यांच्यावर चाल करून येणार. सी. जे. कॉक्स आणि गिकारी हॅरिस या दोन दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी तो भार उचलला, तर ही टीम एप्रिलपर्यंत जाईल असं मला वाटतं. नाही उचलला, तर तिसऱ्या फेरीत पुन्हा एखादा उझान भेटेल. बिग टेनचं लीग विजेतेपद मात्र यंदा मिळायलाच हवं; ती अपेक्षा ठेवणं अजिबात जास्त नाही. पर्ड्यूची लीगची विजेतेपदं बिग टेनमध्ये सगळ्यात जास्त आहेत, आणि ही टीम कागदावर त्यातल्या बऱ्याच टीमपेक्षा सरस आहे.

आता तिकिटाचं व्यावहारिक. सीझन तिकिटं देणगीदारांना आणि जुन्या धारकांना आधी मिळतात, त्यामुळे आपल्याला बहुतेक वेळा पुनर्विक्रीतूनच घ्यावं लागतं. तिथे जपून. एका अॅपवर मला पहिल्या पानावर एक किंमत दिसली आणि पैसे भरायच्या पानावर शुल्कं लागून ती इतकी वाढली की मी ते तिकीट सोडूनच दिलं. शेवटची रक्कम बघूनच तुलना करा. नोव्हेंबरातल्या लहान टीमविरुद्धच्या मॅच स्वस्त मिळतात, आणि पोरांची पहिली वेळ असेल तर त्याच घ्या. टीम पुढे असते, शेवटच्या मिनिटांत एरवी न खेळणारी पोरंही मैदानात येतात आणि पेंट क्रू त्यांच्या बास्केटवर जास्त ओरडतो. बॅग पारदर्शक लागते, नाहीतर दारावरून गाडीपर्यंत परत जावं लागेल.

खाणं आतलं नेहमीचंच, पॉपकॉर्न आणि चीज घातलेले नाचोज. शाकाहारी असाल तर घरून पोटभर खाऊन निघा. मॅचआधी वेळ असेल तर कॅम्पसजवळच्या ट्रिपल एक्सएक्सएक्समध्ये रूट बिअर प्या. 1929 पासूनची जागा आहे, रूट बिअरमध्ये दारू नसते, पोरांना आवडते. मॅचच्या दिवशी बाहेर रांग असते.

मला पाचपैकी गुण द्यायला सांगितले तर स्टेडियमला पाच, बाकांना तीन, पुनर्विक्रीच्या कारभाराला एक. टीमचे गुण मी एप्रिलमध्ये देईन.

एकच मॅच निवडायची असेल तर 6 डिसेंबरची आयोवा स्टेटविरुद्धची निवडा. त्यांचा डिफेन्स चेंडू हाताळणाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणजे स्मिथची खरी परीक्षा, आणि माझी शंका खरी की खोटी तेही तिथेच कळेल. लांब जायला जमत नसेल तर 20 डिसेंबरला ऑबर्नविरुद्धची मॅच इंडियानापोलिसमध्येच आहे. गेनब्रिज फील्डहाउसला खुर्च्या आहेत, गाडी लावायला जागा आहे, सोबत आजी-आजोबांनाही नेता येईल. पण मॅकीचा आवाज तिथे नसेल. आयोवा स्टेटची आमची चार तिकिटं काढून झालीत. ज्यांना एकत्र जायचंय त्यांनी लक्ष्मीपूजनाआधी कळवा, म्हणजे शेजारच्या रांगेतल्या जागा अजून मिळतील.