ब्युरोची मावशी: सात महिन्यांनंतर

आषाढात आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्धा सांधा बदलावा लागला. वय ८१. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री कळलं की यूट्यूब बघून डायपर बदलता येत नाही. आम्ही दोघंही नोकरीवाले, म्हणून घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या पुण्यातल्याच एका ब्युरोकडून चोवीस तासांची बाई घेतली.

पहिली बाई चौथ्या दिवशी न सांगता गेली. दुसऱ्या आल्या त्या मावशी, परळीकडच्या. त्यांनी आल्या आल्या आईच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी आहे का ते पाहिलं, कमोडवर उंच सीट लावायला लावली. दर दोन तासांनी कूस बदलायची, तेव्हा कमरेखालची चादर दोन्ही हातांनी धरून, "आजी, जरा इकडं व्हा, झालंच बघा" म्हणत अलगद वळवायच्या. ओढाओढ नाही. मग माकडहाडाजवळची कातडी लाल झालीये का ते मोबाईलच्या टॉर्चने बघायच्या. सात महिन्यांत आईला एकदाही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही, याचं श्रेय फक्त त्यांचं. ब्युरोने दाखवलेल्या त्या गुळगुळीत 'केअर प्लॅन'चं कागदापलीकडे काही झालं नाही.

आमची खरी परीक्षा दिवाळीत झाली. मावशी आठ दिवस गावी गेल्या. ब्युरो म्हणालं, बदली लगेच. ती आली तिसऱ्या दिवशी, आणि जी आली ती पोरगी बिचारी पहिल्यांदाच पेशंटकडे आलेली. तिने आईला हौसेने दिवाणखान्यात नेलं आणि बुटक्या मोढ्यावर बसवलं! गुडघे कमरेच्या वर. हे आसन सांधा बदललेल्याला सक्त मना असतं. मी ओरडलो, ती रडायला लागली. चूक तिची नव्हतीच. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी फ्रिजवर एक वही टांगली. कसं उठवायचं, कुठे बसवायचं नाही, लघवीची गोळी सकाळीच. मावशी परत आल्यावर त्यांनीही त्यात लिहायला सुरुवात केली. एक नोंद अशी: "४ ला लघवी. ५ ला रुसल्या. ६ ला चहा घेतला."

पैशांचं म्हणाल तर ब्युरोला महिना २७,०००. त्यातले मावशींच्या हातात १८,०००, हे त्यांनीच मेथी निवडता निवडता सांगितलं. थेट ठेवायचं म्हटलं तर करारात अट आहे, दोन महिन्यांची फी भरा. सही करताना मी ती वाचली नव्हती. बाई नसलेल्या दोन दिवसांचे पैसे ब्युरो देईना; ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करतो म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत वळते केले. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मात्र दोन महिने मागावा लागला.

आई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते, म्हणून बाई फक्त दिवसाची ठेवलीये. मार्चअखेर करार संपतोय. मावशींसाठी वाढवणार आहे. पण बदली किती तासांत, आणि तिला घरी येऊन एक दिवस मावशींसोबत राहू देणार का, हे आधी लेखी घेऊन.