आणखी थोडे दिवस, की आता निरोप? आजारी, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पर्यायांची तुलना

‘आता हा बरा होणार नाही,’ असं व्हेटने सांगितलं की घरात वाद सुरू होतो तो जगवायचं की झोपवायचं यावर. खरं तर तोवर मरण टळण्याची वेळ निघून गेलेली असते. हातात उरतात ते तीन मार्ग: दिवस ठरवून इंजेक्शन देणं, वेदना आटोक्यात ठेवत काही काळ सोबत करणं, किंवा काहीच न करता निसर्गावर सोडणं. यातला कुठला बरा, हे कुत्र्याच्या वयापेक्षा त्याला झालंय काय यावर ठरतं.

पण त्याआधी खात्री हवी की शेवट खरंच आला आहे. म्हातारा कुत्रा सकाळी उठताना एकदम कोलमडतो, मान एका बाजूला कलते, बुबुळं सरसर हलत राहतात, उलट्या होतात. घरच्यांना वाटतं, झटका आला, संपलं. पुष्कळदा तो कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा तात्पुरता बिघाड असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालू-फिरू लागतो, मान थोडी वाकडी राहिली तरी. त्या सकाळी कोणताही निर्णय घेऊ नका. खाणं सोडण्यामागे किडलेला दात असू शकतो, दिवसभर पडून राहण्यामागे नुसती सांधेदुखी. व्हेटच्या औषधाने अशा कुत्र्यांचे कित्येक महिने सुखाचे जातात. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र त्याला चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना त्या घातक ठरतात.

हळूहळू खालावत नेणारे आजार आणि अचानक कोसळवणारे आजार

मूत्रपिंडं थकणं, सांधे झिजणं, म्हातारपणचा विसराळूपणा हे सावकाश पुढे सरकतात. इथे सोबतीचा मार्ग अर्थपूर्ण आहे. कातडीखाली सलाईन, मळमळीचं औषध, वेदनाशामक, घसरू नये म्हणून फरशीवर अंथरलेली सतरंजी यांनी बराच फरक पडतो. यात अडचण वेगळीच आहे: ही घसरण इतकी हळू असते की रोज पाहणाऱ्याला ती दिसत नाही. महिन्याने आलेला पाहुणा दारातच म्हणतो, ‘अरे, याचं काय झालं?’

दुसऱ्या गटात हृदय निकामी होणं, प्लीहेवरची रक्तस्राव करणारी गाठ, हाडाचा कर्करोग. हृदयाच्या आजारात फुप्फुसात पाणी भरतं आणि कुत्रा हवेसाठी तडफडतो. प्लीहेची गाठ आतल्या आत फुटते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. कधी रक्त आपोआप थांबतं, दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना दिसतो आणि घरच्यांचा निश्चय ढळतो. कर्करोगाने पोखरलेलं हाड साध्या उडीनेही मोडतं. या आजारांत वाट पाहिली तर निरोप बहुधा अपरात्री, अनोळखी डॉक्टरच्या टेबलावर, घाबरलेल्या कुत्र्याला द्यावा लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इथे तो अजून शेपूट हलवत असताना दिवस ठरवावा. फार लवकर केलं ही टोचणी आपल्याला लागेल, पण उशीर झाला तर भोगायचं त्याला आहे.

निसर्गावर सोडण्याबद्दल थोडक्यातच. झोपेत शांतपणे जाईल ही आशा सगळ्यांना असते, तसं क्वचित घडतं. बहुतेकांच्या वाट्याला अन्नपाण्याविना काढलेले, अंगाखाली ओलं झालेले काही दिवस येतात. वेदनाशामक आणि रोज येणारा व्हेट नसेल तर या मार्गाची बाजू मला घेता येत नाही.

मोजायचं कशाने

प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली सात मुद्द्यांची मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते 10 गुण. एकूण 35 च्या वर असेल तर सोबत चालू ठेवायला हरकत नाही. मोजपट्टी चांगली आहे, पण बेरजेत एक फसगत दडलेली असते. भूक उत्तम, आनंदी, स्वच्छ, पण श्वास लागतोय, अशा कुत्र्याची बेरीजही 35 ओलांडू शकते. श्वास वेदनेच्या मुद्द्यातच मोजला जातो आणि त्याला पहिलं स्थान आहे. तिथे गुण घसरले आणि औषधाने सुधारत नसतील, तर बाकीचे सहा मुद्दे पाहू नयेत.

श्वास घरी मोजता येतो. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. साधारणपणे आकडा 30 च्या आत असतो. तो सतत वर राहू लागला तर त्याच दिवशी व्हेटला कळवा.

‘खातोय ना अजून’ या वाक्यावर मात्र फार भिस्त नको. लॅब्राडॉरसारखी खादाड जात वेदनेतही ताट चाटून साफ करते. रात्री जागा बदलत राहणं, विनाकारण धापा टाकणं, एकच सांधा चाटत बसणं या खुणा जास्त खऱ्या. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या कॅलेंडरवर चांगला-वाईट दिवस वेगवेगळा नोंदवावा. सगळ्यांत जास्त माया करणाऱ्याचं कॅलेंडर सहसा सगळ्यांत आशावादी निघतं.

घरी की दवाखान्यात

दवाखान्याच्या वासानेच थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी घर बरं, व्हेट यायला तयार असेल तर. श्वास लागलेला असेल तर दवाखाना, कारण तिथे ऑक्सिजन असतो. पद्धत दोन्हीकडे साधारण तीच. आधी गुंगीचं औषध मागून घ्या, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा, बहुधा पेंटोबार्बिटलचा, मोठा डोस. शुद्ध आधी जाते, मग श्वास, मग हृदय. काही मिनिटांत सगळं संपतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा आचका येतो, लघवी होते. त्या वेळी त्याला काही जाणवत नसतं. मुलं जवळ थांबणार असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा.

पेंटोबार्बिटल मृतदेहात टिकून राहतं आणि तो उकरून खाणाऱ्या प्राण्यांना विषबाधा होते. त्यामुळे पुरणार असाल तर खड्डा खोल हवा, नाहीतर दहन करावं. ही व्यवस्था निरोपाच्या दिवसाआधीच ठरवून ठेवलेली बरी.