ट्यूनटूएफएस, आठ महिन्यांनंतर: पाच टक्क्यांची वसुली आणि इतर हिशोब

ट्यूनटूएफएस म्हणजे लिनक्सवर ईएक्सटी फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीच्या) सेटिंग्ज बदलणारी कमांड. तक्रार आधी. ४ टीबीची बॅकअप डिस्क, त्यावर एकच ईएक्सटी४ पार्टिशन. जागेचा हिशोब दाखवणारी ‘डीएफ -एच’ कमांड सांगते, शिल्लक शून्य. पण वापरलेली जागा एकूण जागेतून वजा केली की १८६ जीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेले जीबी) कुठे गेले ते कळत नाही. दुकानाच्या बिलाच्या भाषेत २०० जीबी. पैसे मोजून घेतलेले, आणि वापरायला मिळत नाहीत.

चोरी कुणी केलेली नाही. फॉरमॅट करतानाच पाच टक्के ब्लॉक (डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे) रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य यूजरसाठी, बाजूला निघतात. डिस्क ५०० एमबीच्या असायच्या तेव्हा हे २५ एमबी होते, कुणाला टोचत नव्हते. डिस्क फुगल्या, टक्का तिथेच राहिला. आधी ‘सुडो ट्यूनटूएफएस -एल /देव्ह/एसडीबी१’ (सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने, शेवटी पार्टिशनचं नाव) चालवून ‘रिझर्व्ह्ड ब्लॉक काउंट’ बघा. आकड्याला ब्लॉक साइझने, म्हणजे बहुधा ४०९६ ने गुणा. ४ टीबीवर हे ब्लॉक ४ कोटी ८८ लाखांच्या आसपास भरतात. मग त्याच कमांडला ‘-एम ०’ (स्मॉल एम). डिस्क अनमाउंट (सिस्टिमपासून अलग) करावी लागत नाही, सेकंदात काम होतं, आणि ‘डीएफ’मध्ये जागा परत. नवी डिस्क घ्यायला निघालेल्यांनी आधी हे करावं.

इथे स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांचा घोळ आहे, तो लक्षात ठेवा. स्मॉल एल फक्त वाचून दाखवतो, कॅपिटल एल लेबल बदलतो. स्मॉल ओ माउंटचे डीफॉल्ट पर्याय लिहितो, कॅपिटल ओ फाइल सिस्टिमची फीचर्सच चालू-बंद करतो. डेबियनवर सुडोशिवाय चालवलं तर कमांडच सापडत नाही असं उत्तर येतं. पॅकेज गेलेलं नसतं, साध्या यूजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) एसबिन हे फोल्डर नसतं.

पहिले दोन महिने मत असं होतं की पाच टक्के म्हणजे निव्वळ उधळपट्टी, सगळीकडे शून्य करा. ते आता अर्धं मागे. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर शून्य ठीक आहे. रूट पार्टिशनवर, म्हणजे सिस्टिम जिथे असते तिथे, नाही. तिथे यूजरच्या डाउनलोडने शेवटचा ब्लॉक खाल्ला की लॉग लिहिता येत नाहीत, पॅकेजचं अपडेट मधेच लटकतं, कधी ग्राफिकल लॉगिनसुद्धा होत नाही. छोट्या एसएसडीच्या रूटवर टक्क्यांच्या भानगडीत न पडता स्मॉल आरने थेट ब्लॉक द्या: ‘-आर २६२१४४’ म्हणजे बरोबर १ जीआयबी. शिवाय हा राखीव गल्ला रूटला खुला असतो. सुडो लावून चालवलेला आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) तो बिनदिक्कत संपवतो, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. गच्च भरलेल्या डिस्कवर फाइलींचे तुकडे पडतात हेही आहेच, म्हणून बॅकअप डिस्कसुद्धा काठोकाठ भरू नये.

आता जर्नल, म्हणजे डिस्कवर करायच्या बदलांची आधी लिहिलेली नोंदवही. एसएसडीवरचं लिखाण वाचवायला ‘-ओ ^हॅज_जर्नल’ (कॅपिटल ओ) करून जर्नल काढायचा सल्ला फिरत असतो. बडोद्यात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे माहीत असणाऱ्याने तो ऐकू नये. जर्नल नसेल तर प्रत्येक झटक्यानंतर ई२एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) सगळी डिस्क पिंजत बसतो. ४ टीबीच्या फिरत्या डिस्कवर चहा काय, जेवणही होतं. तरी काढायचंच असेल तर डिस्क अनमाउंट हवी. लाइट गेल्यामुळे रिकव्हरी बाकी असेल तर ट्यूनटूएफएस नकार देतो आणि आधी ई२एफएससीके चालवायला सांगतो. तो नकार जबरदस्तीने ओलांडू नका, न लावलेल्या नोंदी कायमच्या जातात. परत हवं असेल तर ‘-जे’ (स्मॉल जे). लिखाण कमीच करायचं असेल तर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कशी माउंट करायची त्या यादीच्या फाइलीत) नोएटाइम टाका, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात नाही; हवं तर कमिट (किती वेळाने बदल डिस्कवर उतरवायचे) ५ सेकंदांवरून ३० करा. मग लाइट गेल्यावर जाणारं काम तेवढ्याच वेळाचं जास्त असेल, हे कबूल करून.

‘-ई रीमाउंट-आरओ’ (स्मॉल ई) मात्र लगेच करा, म्हणजे गडबड सापडली की डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते. डीफॉल्ट ‘कंटिन्यू’ असतं, म्हणजे गडबड सापडली तरी लिहिणं चालूच. बॅकअप डिस्कवर याहून वाईट काय असेल?

तपासणीचंही तसंच. नव्या आवृत्त्यांत माउंटची मोजदाद आणि मुदत दोन्ही बंद असतात. ‘-सी ३० -आय ६एम’ (दोन्ही स्मॉल) केलं की तीस माउंट किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा तपासणी. पण एफएसटॅबच्या ओळीतला शेवटचा आकडा शून्य असेल तर बूटच्या वेळी त्या डिस्ककडे कुणी बघतच नाही. यूएसबी डिस्कच्या ओळीत तो बहुधा शून्यच असतो. तिथे २ लिहा. सेटिंग केलं म्हणून निर्धास्त बसणारे इथेच फसतात.

आयनोडची (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीची) संख्या या हत्याराने वाढत नाही. ती फॉरमॅटच्या वेळीच ठरते. विषय संपला.

राहिलं लेबल, म्हणजे डिस्कला दिलेलं नाव, आणि याचा राग अजून गेलेला नाही. मर्यादा सोळा. मॅन पेज (कमांडचं माहितीपत्रक) सोळा अक्षरं म्हणतं, प्रत्यक्षात सोळा बाइट आहेत, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. ‘बडोदा’ पाच चिन्हं, पंधरा बाइट, आरामात बसतं. ‘वडोदरा’ अठरा. इशारा येतो आणि डिस्कवर ‘वडोदर’ राहतं, मागे तुटक्या कान्याचा एक बाइट. तो बाय-लेबलच्या यादीत कचऱ्यासारखा दिसतो. बडोद्यातला दांडिया बाजार लिहायचा तर विचारूच नका. डिस्कच्या लेबलला सरकारी नाव झेपत नाही, आपलं घरचं नाव झेपतं! तरी एफएसटॅबमध्ये लेबल वापरू नका, यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा.