‘मागची अलाइनमेंट’ करून देतो म्हणणाऱ्या दुकानाचा अनुभव

माझ्याकडे 2008 सालची मारुती ओम्नी आहे. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात ती घरची, दवाखान्याची आणि हंगामात संत्र्यांचे क्रेट वाहण्याची अशी सगळीच कामे करते. आंबिया बहाराच्या तोडणीत, पांदण रस्त्याने जाताना तिच्यात किती माल भरावा याचा विवेक मी पाळला नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मूळ बिघाड माझ्याच हातून झाला. परंतु त्या बिघाडाच्या नावावर ज्या रीतीने माझ्याकडून साडेतेरा हजारांहून अधिक रुपये काढले गेले, ती रीत पाट्यांची (म्हणजे मागे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेली) जुनी गाडी बाळगणाऱ्यांना ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डिसेंबरात नाल्याच्या रपट्यावरून उतरताना मागचे डावे चाक जोरात आदळले. त्यानंतर डांबरी रस्त्यावर गाडी नाकासमोर धावत असली तरी स्टिअरिंग डावीकडे कललेले राहू लागले आणि ते सरळ धरले की गाडी उजवीकडे जाऊ लागली. अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉम्प्युटर अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर मोजून जुळवून देणारे, एक चकचकीत दुकान आहे. तिथे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे 800 रुपये दिले. मी चहा घेऊन परतलो तोवर स्टिअरिंग अगदी सरळ झालेले होते. मी समाधानाने घरी आलो.

आठवडाभराने मोटारसायकलवरून माझ्या मागोमाग येणाऱ्या पुतण्याने गावात पोहोचताच विचारले, “काका, गाडी तिरपी काहून चालून राहिली?” धुळीच्या रस्त्यावर उतरून पाहिले तर त्याचे म्हणणे खरे होते. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले आडवे अंतर जवळपास सारखेच असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर मागच्या टायरचा ठसा पुढच्याच्या ठशावर पडायला हवा. इथे मात्र दोन्ही बाजूंना मागचा ठसा डावीकडे सरकलेला स्पष्ट दिसत होता.

मी पुन्हा त्याच दुकानात गेलो, ही माझी दुसरी चूक. या वेळी गाडी रॅम्पवर चढवून मला पडदा दाखवण्यात आला. मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, बिघडला आहे, तो ‘सेट’ करावा लागेल, पुढचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोके) गेले आहेत आणि पुढचे दोन्ही टायर बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकणार नाही, असे मालकाने ठामपणे सांगितले. मागच्या कॅम्बर सेटिंगचे 2,400 रुपये धरून एकूण 12,850 रुपये झाले. लाल आकडे असलेला आधीचा आणि हिरवे आकडे असलेला नंतरचा, असे दोन छापील कागद माझ्या हातात ठेवण्यात आले, आणि हिरवा रंग पाहून माणसाच्या मनाला जी शांती मिळते ती मलाही मिळाली.

दीड हजार किलोमीटरच्या आत नव्या टायरांच्या नक्षीला करवतीसारखे दात आले. हात आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवला तर बोचणारे, म्हणजे टायर रस्त्यावर गडगडण्याऐवजी घासत होता.

शेवटी ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे बांधणाऱ्या तालुक्याच्या गावच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. त्यांनी गाडी सपाट फरशीवर उभी केली, पुढची चाके सरळ धरली, गवंड्याचा ओळंबा चारही चाकांच्या मध्यापासून सोडून खडूने फरशीवर खुणा केल्या आणि टेप लावला. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कंपनीच्या आकड्याप्रमाणे 1840 मिलिमीटर असते. उजवीकडे ते 1841 भरले, डावीकडे 1853. एवढ्यावरून दोष पुढे आहे की मागे, हे ठरत नाही. म्हणून त्यांनी पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या बोल्टापासून हाऊसिंगपर्यंतचे, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या लोखंडी कवचापर्यंतचे, अंतर दोन्ही बाजूंना मोजले. पाट्याचे पुढचे टोक चासीला पक्के बांधलेले असते, शॅकल, म्हणजे हलणारी जोडपट्टी, मागच्या टोकाला असते, त्यामुळे हे माप दोन्हीकडे सारखेच यायला हवे. डावीकडे तेच 12 मिलिमीटर जास्त निघाले.

मग त्यांनी मला खाली वाकून पाहायला सांगितले. वायर ब्रशने चिखल झटकल्यावर हाऊसिंगच्या बैठकीपुढे पाट्यावर बोटभर रुंदीचा एक पट्टा दिसला. आजूबाजूला तांबूस गंज आणि मधे नव्या पैशासारखे चकाकणारे लोखंड. हाऊसिंग पूर्वी तिथे बसत होते आणि आता मागे घासत गेले होते. हाऊसिंग पाट्यांवर आवळून धरणारे यू बोल्ट सैल झालेले होते. ते उघडल्यावर सेंटर बोल्टाचे मुंडके वेगळेच हातात आले. पाट्यांची चवड एकत्र धरणारा आणि आपल्या मुंडक्याने हाऊसिंगला जागेवर रोखणारा हा बोल्ट तुटला, की त्या बाजूचे चाक मागे सरकते आणि सगळा अॅक्सल तिरपा होतो. दोन चाकांमधल्या सुमारे 1200 मिलिमीटरांत 12 मिलिमीटरांचा फरक म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक. ऐकायला ते क्षुल्लक वाटते, पण चाकांकडचा एवढा कोन भरून काढायला स्टिअरिंग आठ-दहा अंश फिरवून धरावे लागते.

“सर, याच्यात मांगं सेट करासाठी नटच नाही, तं त्यानं केलं काय?” असे मिस्त्री म्हणाले, आणि माझ्या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्या प्रश्नात आहे. ओम्नीचा मागचा अॅक्सल म्हणजे एकसंध हाऊसिंग असून ते पाट्यांवर यू बोल्टांनी आवळलेले असते. मागचा कॅम्बर किंवा टो (वरून पाहिल्यास चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे) बदलण्याची कोणतीही सोय त्यात नाही. हाऊसिंग वाकले असेल तर ते उतरवून प्रेसवर सरळ करावे लागते किंवा बदलावे लागते. अॅक्सल सरकला असेल तर बोल्ट बदलून जागेवर आणावा लागतो. रॅम्पवर उभ्या ओम्नीचा मागचा कॅम्बर वीस मिनिटांत कोणालाही ‘सेट’ करता येत नाही. आकडा मात्र हिरवा करता येतो, कारण चाकावरचा क्लॅम्प किंचित कलता बसवला की पडद्यावर हवा तो कॅम्बर उमटतो.

घरी येऊन ते दोन कागद पुन्हा वाचले तेव्हा माझ्याच अजागळपणाची लाज वाटली. वाहनाच्या रकान्यात ओम्नीऐवजी भलत्याच गाडीचे नाव होते. अॅक्सलचा तिरपेपणा दाखवणारी थ्रस्ट अँगलची ओळ पहिल्या कागदावर लाल रंगात छापलेली होती, म्हणजे यंत्राने खरा रोग काम सुरू होण्याआधीच सांगितला होता. दुसऱ्या कागदावर ती ओळ छापलेलीच नव्हती. ‘नव्या’ टाय रॉड एंडला हात लावला तर बोटाला काळा रंग लागला आणि रंगाखाली जुन्या गंजाचे खवले होते.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट आणि सगळे यू बोल्ट नवे टाकले. ताणले गेलेले जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. गाडी चाकांवर उभी करून त्यांनी आवळणी पूर्ण केली आणि मजुरीसह 1,650 रुपये घेतले. दोन्हीकडचे माप एका मिलिमीटरात आले, ठसे ठशांवर पडू लागले, पण गाडी सरळ धावताना स्टिअरिंग आता उजवीकडे कललेले दिसू लागले. तेव्हा पहिल्या दिवशीच्या 800 रुपयांचा हिशेब लागला. अलाइनमेंट झालीच नव्हती. दुकानवाल्यांनी स्टिअरिंगचे चाक काढून एक दात सरकवून परत बसवले होते. मिस्त्रींनी ते मूळ जागी आणले आणि पुढचा टो दोरी लावून बरोबर केला, तो दुकानात दुसऱ्या खेपेला एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून बिघडवलेला होता. ज्याला संशय असेल त्याने स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवत फेरे मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर चाक किंवा रॉड कुणीतरी हलवला आहे, असे समजावे.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार मी केला. 2019 च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही आणि 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो. अडचण अशी की मी पैसे रोख दिले होते, बिल म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नव्हते, छापील कागदांवर मथळ्याची जागा कोरी होती आणि काढलेले जुने भाग मी मागितलेच नव्हते. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे 300 किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले आणि त्याच दिवशी तुटका सेंटर बोल्ट खिशात घालून त्या दुकानात गेलो. मालकाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, हा बोल्ट ओम्नीचाच कशावरून, असे विचारले, आणि मी उठत नाही असे दिसल्यावर पुढच्या खेपेला बॅलन्सिंग फुकट करून देण्याची तयारी दाखवली.